भूत घालवायला पण पैसे लागतात राव: 'रिन्ने' वाचून झाल्यावर

रुमिको ताकाहाशीची 'रिन्ने' ही भुतांची मांगा, म्हंजे जपानी कॉमिक्सची, सीरिज आहे पण तिच्यात घाबरण्यासारखं काहीही नाही, हे आधीच सांगते म्हंजे हॉरर समजून कोणी घेतली आणि मग मला शिव्या घातल्या असं नको. रात्री दिवे घालवून, एकटं बसून वाचा, तरी काही होणार नाही, फार तर हसायला येईल आणि शेजारी झोपलेलं माणूस कुरकुरेल. 2009 ते 2017 अशी साडेआठ वर्षं ही जपानच्या 'शोनेन संडे' साप्ताहिकात चालली, 40 व्हॉल्यूम झाले, इंग्लिशमधे विझ मीडियाने सगळे काढलेत आणि मी सगळे वाचलेत. काही तर दोनदा. त्यामुळे आता जे लिहितेय ते प्रेमाने लिहितेय पण आंधळेपणाने नाही, पुढे किरकिरही आहे.

गोष्ट अशी. साकुरा मामिया नावाची हायस्कूलची मुलगी, लहानपणी काही काळ गायब झाली होती आणि परत आली तेव्हापासून तिला भुतं दिसतात. आता या एवढ्यावर कोणीही रडारडीची, शापबिपाची कथा लिहिली असती. साकुराला मात्र त्याचा फक्त वैताग आहे. वर्गात तिच्या बाजूचा बाक शाळा सुरू झाल्यापासून रिकामा असतो आणि एक दिवस तिथे लाल केसांचा, अंगात हाओरी (जपानी अंगरखा) घातलेला मुलगा येऊन बसतो, तिला दिसतो पण बाकी कोणालाच दिसत नाही, आणि तेवढ्यात एक अवाढव्य चिवावा कुत्रा येतो. भुताचा. पहिल्याच चॅप्टरला! चिवावा म्हंजे तेच ते, पर्समधे मावणारं कुत्रं, ते इथे खोलीएवढं. मला वाटतं ज्याला हे चित्र बघून हसू आलं त्याने पुढे वाचावं, ज्याला नाही आलं त्याने पुस्तक ठेवून द्यावं, इतकी साधी परीक्षा आहे.

तो मुलगा म्हंजे रिन्ने रोकुदो. आजी शिनिगामी, म्हंजे तिकडचे यमदूत समजा, आणि आजोबा साधा माणूस. आजीने प्रेमापोटी आजोबांचं आयुष्य वाढवून घेतलं आणि त्याची परतफेड म्हणून नातवाच्या बोकांडी हे काम बसलंय की भटकणारे आत्मे शोधायचे, त्यांचं काय अडलंय ते बघायचं आणि त्यांना पुनर्जन्माच्या चक्राकडे पोचवायचं. आकाशात ते चक्र खरोखरचं फिरताना दिसतं, भलंमोठं लाल. ऐकायला किती भारदस्त वाटतं ना? आता खरी गंमत. रिन्नेकडे पैसे नाहीत. म्हंजे 'जरा तंगी आहे' असले नाहीत नव्हे, खरंच नाहीत. शाळेच्या वापरात नसलेल्या जुन्या क्लबच्या इमारतीत एक खोली बळकावून राहतो, युनिफॉर्म परवडत नाही म्हणून ट्रॅकसूटवर शाळेत येतो, आणि भूत घालवायला लागणारी प्रत्येक वस्तू विकत आणावी लागते. यमदूतांचं सामान विकणारी दुकानं आहेत. ऑफर आहेत. स्वस्तातला माल आहे जो ऐन वेळी बोंबलतो. एखादं भूत अंगावर धावून येतंय, लोक किंचाळतायत, आणि आपला हिरो हातातल्या वस्तूकडे बघत मनातल्या मनात हिशोब करतोय की ही वापरली तर उद्या जेवायचं काय.

आणि हे ताकाहाशी फार शांतपणे करते. नवीन वस्तू आली की चौकटीत निवेदक येतो, ही अमुक वस्तू, हिचा उपयोग अमुक, किंमत इतके येन. झालं. पुढे चला. विनोद म्हणून वेगळा कुठे ठासून सांगितलेला नाही, किंमत वाचून रिन्नेच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि हसायचं. यावरून टीव्हीसाठी केलेल्या कार्टून सीरिजमधे, म्हंजे अॅनिमेमधेही हा निवेदक ठेवलाय, तोही बातम्या वाचल्यासारखा सरळ आवाजात.

रिन्नेला काम कुठून मिळतं तेही मस्त आहे. शाळेच्या आवारात हवामान मोजायची पांढरी लाकडी पेटी आहे, आपल्याकडे वेधशाळेच्या आवारात पायांवर उभी असते ना झडपांची, तसली. मुलामुलींमधे अशी बोलवा आहे की तिथे चिठ्ठी आणि काहीतरी नैवेद्य ठेवला की भुताचा त्रास जातो. मग कोणी नाणी ठेवतं, कोणी खायचं काहीतरी ठेवतं, आणि रिन्ने व त्याचा बोका रोकुमोन त्या पेटीकडे असे डोळे लावून बसलेले असतात की काय सांगू. काय केस आहे हे नंतर, आधी काय ठेवलंय ते बघायचं. रोकुमोन हा काळा बोका, यमदूतांकडे असे काळे मांजर-मदतनीस कराराने कामाला असतात, पगार ठरलेला असतो, आणि याचा मालक कंगाल असल्यामुळे याचंही कठीणच. लोकांना घाबरवायला तो मोठं भयानक तोंड करून दाखवतो आणि एरवी इतका छोटासा गोंडस की घरी घेऊन यावासा वाटतो. त्याचं नावसुद्धा पैशांवरून आहे, जपानमधे मेलेल्या माणसासोबत सहा मोन नाणी ठेवायची जुनी रीत, मेल्यावर लागणारी सांझु नदी ओलांडायला भाडं म्हणून. आपल्याकडे वैतरणीसाठी गोदान करतात तसंच की. मेल्यावरही नदी पार करायला खर्च आहेच, तिकडे काय नि इकडे काय!

इथेच मला वाटतं या सीरिजचं गुपित आहे. भुतांचे विनोद बहुतेक वेळा घाबरण्यावर उभे असतात, कोणीतरी धोतर सोडून पळतंय, कोणीतरी बेशुद्ध पडतंय, दाराआडून पांढरी साडी. ते एकदा-दोनदा चालतं. इथे भूत हा घाबरायचा विषयच नाहीये, तो खर्चाचा विषय आहे, आणि पैशाची चिंता कधी जुनी होत नाही हे आपल्याइतकं कोणाला माहिती. महिन्याच्या 25 तारखेला हे पुस्तक वाचून बघा, रिन्ने एकदम घरातला वाटायला लागेल.

आता सबातो. रिन्नेचा बाप. हा माणूस, म्हंजे काय बोलू याच्याबद्दल, मांगामधले एवढे राक्षस व्हिलन बघितले पण याच्याइतका चीड आणणारा आणि तरी हसवणारा बाप नाही बघितला. ज्यांचं आयुष्य अजून संपलेलं नाही अशा लोकांना फसवून पलीकडे ओढून नेणाऱ्या लबाड यमदूतांची चक्क कंपनी आहे आणि हा तिचा अध्यक्ष. ऑफिस आहे, सेक्रेटरी आहे, आजूबाजूला बायकांचा गराडा आहे आणि उधारी आहे, प्रचंड उधारी, जी सगळी पोराच्या नावावर. रिन्ने लहान असताना पोराचे साठवलेले पैसे उचलून नेणारा बाप आहे हा. आणि दरवेळी येतो तो हसत, काहीतरी नवीन स्कीम घेऊन, 'बाळा तुझ्या भल्यासाठीच' अशा थाटात. प्रत्येक खानदानात एक असा काका असतो ज्याला जामीन राहून कोणीतरी बुडलेलं असतं, सबातो वाचताना मला तोच दिसत होता. आणि आजी तामाको, जिचा हा मुलगा, ती दिसायला तरुण आणि तिला आजी म्हटलेलं चालत नाही, म्हटलं की दोन्ही मुठी कानशिलावर ठेवून असं रगडते की पुन्हा तोंडातून शब्द निघणार नाही. ताईच म्हणायचं. अशा घरातलं पोरगं एवढं सरळ कसं निघालं हेच नवल.

साकुराबद्दल लोक म्हणतात ती थंड आहे, चेहऱ्यावर काही हलत नाही, बोअर आहे. मला उलट तीच सगळ्यात जास्त आवडली. बाकी सगळे उड्या मारतायत, भांडतायत, रडतायत आणि ही मधे उभी राहून 'अच्छा, असं आहे होय' एवढंच म्हणते. आणि ते बरोबर जागी म्हणते. एका पानावर चार माणसांचा गोंधळ आणि शेवटच्या पॅनलला साकुराचा कोरा चेहरा, बस, त्यावर मी हसून हसून मेलेय. हे वेळेचं गणित ताकाहाशीच्या हातात मुरलंय, 1978 मधे कॉलेजात असताना छापून आलेली बाई आहे ती, तेव्हापासून आठवड्याला आठवडा काढतेय, 'रान्मा' तिचीच, 'इनुयाशा' तिचीच, 2018 मधे आयस्नर या अमेरिकेतल्या कॉमिक्स पुरस्काराच्या हॉल ऑफ फेममधे गेली आणि 2019 मधे फ्रान्समधल्या अंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवाचा मोठा सन्मान मिळाला. 'इनुयाशा' 2008 ला संपली, त्यात बारा वर्षं रक्त, सूड आणि एकच व्हिलन पुरवून पुरवून वापरला होता, आणि पुढच्याच वर्षी ही सुरू झाली. दोन्ही वाचल्या की असं वाटतं की बाईने तलवार खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली चला आता जरा मजा करू.

साकुरा आणि रिन्नेचं जे काही आहे ते प्रेम आहे की उधारी हेही बराच काळ कळत नाही. तो तिच्याकडून उसने पैसे घेतो आणि लाजेने अर्धमेला होतो. ती डब्यातलं काही देते आणि त्याच्या डोळ्यात पाणी. तो तिला कायम पूर्ण नावाने हाक मारतो, 'मामिया साकुरा', हजेरी घेतल्यासारखं, आणि 40 व्हॉल्यूममधे त्या पूर्ण नावाचाच असा काही सूर लागतो की एखाद्या ठिकाणी ते ऐकून आपल्यालाच गलबलतं. हळू आहे. फार हळू आहे. ज्यांना दहाव्या पानावर कबुली लागते त्यांनी इकडे फिरकू नका.

भुतांच्या गोष्टी म्हणाल तर एकेक केस एक ते तीन चॅप्टरमधे संपते, एक चॅप्टर अठरा-वीस पानांचा, म्हंजे लोकलमधे दोन स्टेशनांमधे एक भूत सुटतं. आणि भुतांचे हट्ट अगदी किरकोळ असतात. कोणाला कोणाला तरी 'तू आवडतेस' म्हणायचं राहिलंय. कोणाची मॅच खेळायची राहिलीये, कोणाचं नुसतं काहीतरी खायचं राहिलंय. कधी भूत मेलेलंच नसतं, जिवंत माणसाचाच जीव एखाद्या गोष्टीत इतका अडकलेला असतो की तो स्वतःच बाहेर पडून फिरायला लागतो आणि मालकाला पत्ताच नाही. कधी वापरून टाकून दिलेली वस्तूच रुसून बसलेली. मला हे वाचताना परकं अजिबात वाटलं नाही, कारण दहाव्याला घाटावर पिंड ठेवल्यावर कावळा शिवत नाही तेव्हा आपल्याकडे जे होतं तेच इथे प्रत्येक केसमधे होतं. सगळे उन्हात उभे, भटजी घड्याळ बघतायत, कावळा समोर भिंतीवर बसून मान वाकडी करून बघतोय पण येत नाही, मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो, धाकटीच्या लग्नाचं बघू, जमिनीचं भांडण मिटवू, आणि मग मागून कोणीतरी म्हणतं अरे त्यांना चहा हवा असेल, चहा ठेवा, आणि चहाचा कप ठेवल्याबरोबर कावळा झडप घालतो. हसावं की रडावं कळत नाही आणि खरं तर दोन्ही होतं. रिन्नेचं काम म्हंजे तो मागून 'चहा ठेवा' म्हणणारा माणूस. मोठमोठ्या अंदाजांनी काही होत नाही, इच्छा भलतीच साधी निघते. शेवटी भूत हलकं होऊन निघून जातं, रिन्नेच्या हातात केसचे म्हणून जेमतेम काहीतरी पडतं आणि खर्च वजा जाता तोटा.

त्यातही ताकाहाशी रडवत बसत नाही हे मला फार आवडतं. दुःखाच्या जागी दोन पॅनल थांबते आणि लगेच कोणीतरी माती खातं. एखाद्या दुसऱ्या लेखकाने तिथे पाऊस पाडला असता, पियानो वाजवला असता.

बाजूची मंडळी भरपूर आहेत. त्सुबासा जुमोनजी हा मांत्रिक टाइप मुलगा, साकुरावर जीव, आणि हातात पवित्र राख, जी तो भूत असो वा नसो, समोर दिसेल त्याच्यावर फेकतो. आगेहा ही श्रीमंत घरची शिनिगामी, रिन्नेच्या मागे, महागातल्या वस्तू अशा उधळते की रिन्नेला भोवळ येते. मासातो नावाचा सैतान आहे, प्राथमिक शाळेतला जुना राग धरून बसलेला, पैसा अफाट आणि अक्कल शून्य, त्याच्या सापळ्यात तो स्वतःच पडतो. पण माझे लाडके दोन, काइन आणि रेंगे. काइन हा लोकांच्या आयुष्याच्या नोंदी ठेवणारा कारकून, सरकारी खात्यातला म्हणा ना, सबातोने याच्याही घरच्यांना बुडवलंय त्यामुळे हाही कंगाल. रेंगे हुशार मुलगी, रिन्नेमुळे हिची परीक्षा हुकली आणि ती लबाड यमदूतांच्या धंद्याला लागली, मनातून काइनवर प्रेम आणि त्याला आपला धंदा कळू नये म्हणून चाललेली धडपड. तीन गरीब एकत्र आले की जी चढाओढ लागते, कोण जास्त गरीब, कोण कशावर जगतंय, ती वाचावीच. ताकाहाशी तरुणपणी काझुओ कोइके या मांगा लेखकाच्या लेखनशाळेत शिकली आणि तिथे आधी पात्र पक्कं करा यावर सगळा भर असायचा, ते इथे दिसतं. प्लॉट नसला तरी चालतो कारण या माणसांना एका खोलीत कोंडलं की काहीतरी होतंच.

आता किरकिर. चाळीस व्हॉल्यूम जास्त आहेत. पंचवीस पुरले असते. मधल्या व्हॉल्यूममधे अशा केसेस येतात की तुम्हाला तिसऱ्या पानावर कळतं भूत कोण, त्याला काय हवंय आणि राख कोण फेकणार. त्सुबासा पहिल्या दिवशी जिथे असतो तिथेच शेवटपर्यंत, बिचाऱ्याला लेखिकेने वाढूच दिलं नाही. मासातोची प्रत्येक एंट्री सारखी. आगेहाचं रिन्नेवरचं एकतर्फी प्रकरण सुरवातीला गमतीचं आणि नंतर नुसतं तेच तेच. चित्रंही साधीच, 'इनुयाशा'मधली जंगलं, राक्षसांच्या फौजा आठवत असतील तर इथे बॅकग्राउंडला बऱ्याचदा वर्गाची खिडकी आणि जिना, संपलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कोणाचं काही होईल अशी भीती कधीच वाटत नाही. ज्यांना गोष्टीत ताण लागतो त्यांना हे फिक्कं वरण वाटेल, खोटं कशाला बोलू. रिन्नेच्या आईचा विषय बऱ्याच उशिरा निघतो, तो उलगडा इतका बावळट आणि इतका गोड आहे की मी पुस्तक बाजूला ठेवून एकटीच हसत बसले होते, पण तिथपर्यंत पोचायला पेशन्स पाहिजे. शेवट सांगत नाही. ज्यांना फटाके हवेत ते नाराज होतील, मला बरोबर वाटला.

म्हणून माझा सल्ला असा की ओळीने सलग वाचायचीच नाही. ही साप्ताहिकात आलेली चीज आहे, जपानी पोरं आठवड्यातून एकदा वाचायची, मधे सहा दिवस विसरून जायची. आपण एका रविवारी पाच व्हॉल्यूम संपवतो आणि मग म्हणतो रिपीट होतंय. होणारच ना! रोज जेवण झाल्यावर एक केस, झोपायच्या आधी, या हिशोबाने मला ती कधीच जड गेली नाही. आजारी असताना तर उत्तम, ताप असला तरी समजते.

अॅनिमे 2015 ते 2017 मधे तीन सीझन आला, ब्रेन्स बेस स्टुडिओचा, एकूण 75 एपिसोड, जपानमधे एनएचकेच्या शैक्षणिक चॅनलवर लागायचा. घरातल्या लहान मुलांसोबत बघायला चालेल असा आहे. पण माझं मत विचाराल तर कागदावरच मजा जास्त, कारण तो साकुराचा कोरा चेहरा आपण आपल्या वेळेने बघतो, अॅनिमेमधे तो त्यांच्या वेळेने सरकतो.

घ्यायची असेल तर इंग्लिशच घ्यावी लागेल. भाषा सोपी आहे, आठवी-नववीतलं पोरगं आरामात वाचेल, फक्त पुस्तक उजवीकडून डावीकडे उघडायचं हे आधी सांगा, नाहीतर शेवट आधी वाचून मोकळा होईल. खर्चाचं म्हणाल तर एका व्हॉल्यूमची किंमत बघा, गुणिले चाळीस करा, आणि मग रिन्नेसारखं तोंड करून बसा. त्यापेक्षा तीन-चार मित्रमैत्रिणींनी वाटून घ्या आणि फिरवा, किंवा सुरवातीचे चारच घ्या. त्या चारात रोकुमोन, आजी, त्सुबासा, सबातो आणि आगेहा एवढे सगळे येऊन जातात. सबातो पहिल्यांदा येतो तिथपर्यंत वाचा. त्याच्यावर चीड येऊन पण हसू आलं तर पाचवा मागवा, नाही आलं तर चारही कोणाला तरी वाढदिवसाला देऊन टाका, नवीनच दिसतात.